पावसात वाळत घातलेली बाही

सिंगापुरात, आंग मो किओतल्या आमच्या ब्लॉकला प्रत्येक स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचे बांबू आहेत. ऊन असेल तेव्हा ते भरलेले असतात आणि पावसाचा पहिला टपोरा थेंब पडला की सगळ्या मजल्यांवरून हात बाहेर येऊन बांबू आत ओढले जातात. नवव्या मजल्यावर मात्र उलटा कारभार आहे. पाऊस सुरू झाला की तिथून एक बांबू बाहेर येतो. त्याच्या टोकाला एका लाल जॅकेटची एकच बाही बांधलेली असते. पाऊस थांबला की बाही आत.

मी चौथ्या मजल्यावर राहतो. तुआसच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो आणि कुठेही चूक दिसली की ती संबंधितांना कळवल्याशिवाय मला जेवण जात नाही. त्यामुळे पहिल्यांदा ती बाही दिसली तेव्हा मी लिफ्टने वर गेलो आणि बेल दाबली. दार साठी ओलांडलेल्या एका बाईंनी उघडलं. सुती साडी, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा.

"एक्स्क्यूज मी, युवर क्लोथ इज गेटिंग वेट," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीवरचं पुण्यातल्या दुकानाचं नाव वाचलं आणि मराठीत म्हणाल्या, "भिजू दे. कपडा नाहीये तो. वारा कुठून येतोय ते बघतेय. चपला बाहेर काढा आणि आत या. आडनाव काय?"

"जोगळेकर."

"बसा, जोगळेकर. आता भौगोलिक कारण द्या. डिसेंबरात सिंगापुरात पाऊस का पडतो?"

मला सिंगापुरात येऊन एक तप झालं होतं. पाऊस पडतो आणि छत्री लागते, यापलीकडे मी कधी गेलो नव्हतो. "विषुववृत्त जवळ आहे म्हणून," असं काहीतरी बोललो. "शून्य," बाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

या बनसोडेबाई. माण तालुक्यातल्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. मुलगा संदेश इथे इंजिनीअर आहे, सून ह्वे मिन इथलीच, चिनी. बाई दरवर्षी ऑक्टोबरात येतात आणि जानेवारीअखेर व्हिजिट पास संपला की परत जातात. ज्या गावात ऋतूच नाहीत अशा गावात भूगोलाच्या शिक्षिकेने करायचं काय, हा प्रश्न पहिल्या वर्षी त्यांना पडला होता. उत्तर सुनेच्या कपाटात सापडलं. ह्वे मिन स्नोबोर्डिंगवाली. दर जानेवारीत तीन मित्रमैत्रिणींना घेऊन जपानला, होक्काइडोला जायची आणि पायाला फळी बांधून डोंगरावरून घसरायची. संदेशही जायचा, पण तो बहुतेक वेळ खाली गरम पाण्याच्या कुंडात बसायचा.

आता सिंगापूरच्या पावसाचा आणि होक्काइडोच्या बर्फाचा संबंध काय? तो मला बाईंनी जेवणाच्या टेबलावर आकृती मांडून समजावला. ताटली म्हणजे जपान, लोणच्याची बरणी म्हणजे सायबेरिया. हिवाळ्यात तिथे थंड, जड हवेचा ढीग साचतो आणि एक दिवस घरंगळतो. त्यातला एक वारा जपानच्या समुद्रावरून जातो. तो समुद्र त्या मानाने ऊबदार. वारा तिथलं बाष्प उचलतो, जपानच्या डोंगरांना धडकतो, वर चढतो आणि सगळा माल बर्फाच्या रूपात तिथेच टाकतो.

"ओळखीचं वाटतं का काही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"अहो, पश्चिमेला समुद्र, मध्ये डोंगर, डोंगराच्या अलीकडे धो धो आणि पलीकडे कोरडं. हे महाबळेश्वर," त्यांनी ताटलीच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं, "आणि हे आमचं माण. जपान म्हणजे दुसरं काही नाही, गारठलेला सह्याद्री आहे. आयुष्यभर मी डोंगराच्या चुकीच्या बाजूला राहिले, जोगळेकर. ढग दिसायचे, पण ते रिकामे होऊन आलेले असायचे. मला कुणी पर्जन्यछाया शिकवायला नको."

त्याच थंड हवेचा दुसरा लोंढा दक्षिणेला सुटतो, दक्षिण चीनचा समुद्र ओलांडतो आणि इथे येऊन आपल्यावर कोसळतो. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत ती बाही ईशान्येकडून फुगली आणि दोन दिवस झड लागली, की समजायचं, तिकडे होक्काइडोत फळीवाल्यांची दिवाळी चालू आहे. ती बाही ह्वे मिनच्या जुन्या, फाटलेल्या जॅकेटची होती. ते टाकून द्यायला काढलेलं होतं, बाईंनी तेवढी बाही काढून ठेवली होती. सुनेचा सासूने घेतलेला तो पहिला आणि शेवटचा कपडा.

मी आकड्यांचा माणूस. घरी येऊन पडताळा घेतला. बाई बरोबर निघाल्या, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

ह्वे मिनच्या मित्रांना बाईंचा लौकिक कळला आणि त्यांनी बाईंना घेऊन फोनवर एक ग्रुप काढला. ह्वे मिन त्यात नव्हती, तिला उत्तर घरीच मिळायचं. ऑक्टोबरात सगळे विचारायचे, यंदा कधी जाऊ? बाई समुद्राच्या तापमानाचे नकाशे मोठे करून बघायच्या, एल निनो की ला निना ते ठरवायच्या आणि सांगायच्या. खात्री कधीच द्यायच्या नाहीत. "कल आहे," एवढंच म्हणायच्या. "समुद्र कल दाखवतो. गॅरंटी दुकानदार देतो."

हे सगळं शिकून मी इतका शहाणा झालो की माझ्या कारखान्यातल्या टॅन नावाच्या सहकाऱ्याला मी स्वतःहून सल्ला दिला. तो अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या डोंगरांत स्नोबोर्डिंगला जायचं म्हणत होता. मी म्हटलं, खुशाल जा, यंदा ला निना आहे. आपण महाराष्ट्रात वाढलेली माणसं. एल निनो म्हणजे दुष्काळ, ला निना म्हणजे सुकाळ, हे आपल्याला वर्तमानपत्रांनी लहानपणापासून पाजलेलं. टॅन गेला. तिथे त्याला खडक, खुरटं गवत आणि मशीनने उडवलेल्या बर्फाची एक पांढरी पट्टी दिसली. परत आल्यावर त्याने मला तिचा फोटो दाखवला. तेव्हापासून तो कँटीनमध्ये दुसऱ्या टेबलावर बसायला लागला.

"ला निनात तो कोपरा कोरडा जायचाच कल असतो," बाई म्हणाल्या. "एल निनो आला की उलट तिथे बर्फ बरा पडतो. एल निनो काय आपल्या गावचा सावकार आहे का, सगळ्यांशी वाईटच वागायला? तो कुणाचं नेतो, कुणाला देतो. आपण विचारायचं, जागा कुठली? मग बोलायचं."

"पण सरासरीने पाहिलं तर..."

"सरासरी आमच्या तालुक्याला सांगू नका. सरासरी म्हणजे कुणाच्याच शेतात न पडलेला पाऊस."

पुढच्या ऑक्टोबरात आमच्या ईराने स्नोबोर्डिंगचा हट्ट धरला. ईरा चौदा वर्षांची, तिच्याशी मी मराठीत बोलतो आणि ती मला इंग्रजीत उत्तर देते. "एव्हरीवन इन माय क्लास ऑलरेडी गो, पप्पा," ती म्हणाली. मी तीस हिवाळ्यांचा तक्ता करायला घेतला तेव्हा मेधा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "तुझा तक्ता होईपर्यंत ईराचं लग्न होईल. वर जाऊन बाईंना विचार." मी विचारलं. बाईंनी सगळ्या ग्रुपला सांगितलं होतं तेच मला सांगितलं: समुद्राचा कल चांगला, वारा यंदा लवकर सुटेल, डिसेंबरअखेर ते जानेवारी उत्तम, फेब्रुवारीत वारा ढिला पडेल. शाळेला सुट्टी डिसेंबरातच, म्हणून आम्ही डिसेंबरअखेरचं बुकिंग केलं.

मग नोव्हेंबरात एका संध्याकाळी लिफ्टमध्ये ह्वे मिन भेटली. मी आनंदाने म्हटलं, "सो, जॅन्युअरी?"

"नो लाह, अंकल. धिस इयर फेब्रुवारी. आई से जॅन्युअरी विंड नो गुड."

ती संदेशसारखंच बाईंना आई म्हणते. चौथा मजला आला आणि दार उघडून बंद झालं तरी मी आतच उभा. मी तिच्याबरोबर नवव्यापर्यंत गेलो आणि पुन्हा खाली आलो. एकच प्रशांत महासागर, आणि त्याचे दोन अंदाज? चौथ्या मजल्याला एक आणि नवव्याला दुसरा? मला पहिली शंका आली ती अशी, की बाईंनी खरा अंदाज घरच्यांना दिला आणि खोटा आम्हाला. माणसाचं मन हे असं असतं. निदान माझं तरी. डिसेंबरात उघड्या खडकावर उभी असलेली ईरा आणि तिच्या पलीकडे हसत उभा असलेला टॅन, असं चित्र मला दिसायला लागलं.

शनिवारी सकाळी ह्वे मिन आणि संदेश बाजारात गेलेले पाहून मी कागद घेऊन वर गेलो. तीन वेधशाळांचे नकाशे, रंगीत प्रिंट. बाई खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या.

"बाई, तुम्ही आम्हाला जानेवारी सांगितलात आणि घरी फेब्रुवारी. यातलं चूक कुठलं?"

बत्ता थांबला. बाईंनी नकाशांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुमचा अंदाज बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तिचा चुकीचा."

"म्हणजे तुमची चूक झाली?"

"झाली नाही. केली."

मी नकाशांची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"तीस वर्षांत एका पोराला अर्धा मार्क वाढवून दिला नाही मी," बाई म्हणाल्या. "सरपंचाच्या पोरालाही नाही. आणि आता या वयात ढळढळीत खोटं लिहून दिलं. जानेवारीत ही दोघं पंधरा दिवस जातात. मागच्या वर्षीही गेली. मी या घरात एकटी. फ्रिजचा आवाज ऐकत बसायचं. परत आली तेव्हा माझी बॅग भरायची वेळ झालेली. एवढ्या लांब मी त्या फ्रिजसाठी येते का?"

"मग सरळ सांगायचं ना, यंदा जानेवारीत जाऊ नका म्हणून."

"जोगळेकर, सासू 'जाऊ नका' म्हणाली की ती सासू होते. वारा 'जाऊ नका' म्हणाला तर तो वारा."

त्यांनी बत्ता उचलला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

"पहिल्या वर्षी आम्ही दोघी काय बोलायचो माहीत आहे? 'आई, ईट ऑलरेडी?' 'येस, ईट.' संपलं. ती चांगली आहे, पण बोलायचं काय? मग तो पाऊस आला, मी तिला सांगितलं, तुझ्या डोंगरावर आत्ता बर्फ पडत असेल. तिने फोन बघितला आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. तेव्हापासून रोज रात्री बसते. माझं इंग्रजी पुस्तकातलं, तिचं असं तुटकतुटक, पण समदाबरेषांवर आमचं पटतं. तिला वाटतं, आई कधी चुकीचं सांगत नाही. आता हे तिला कळलं तर पुन्हा 'ईट ऑलरेडी' सुरू होईल. तुम्ही बोलू नका. एवढंच."

मी शब्द दिला. मला खोटं बोलता येत नाही, हा माझा गुण आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. त्या दिवसापासून तो मला सांध्याच्या दुखण्यासारखा जाणवायला लागला. ह्वे मिनने सरळ विचारलं तर मी आकडे सांगून मोकळा होणार, याची मला खात्री होती. म्हणून मी लिफ्ट सोडली आणि जिना धरला. मेधाला सांगितलं, डॉक्टरने चालायला सांगितलंय. मेधा म्हणाली, "कुठल्या डॉक्टरने? तुला तर डॉक्टरकडे जायची भीती वाटते." म्हणजे एका खोट्यासाठी दुसरं खोटं आलंच, आणि तेही टिकलं नाही.

डिसेंबरअखेर आम्ही होक्काइडोला जाऊन आलो. बर्फ इतका होता की हॉटेलच्या खिडकीचा खालचा अर्धा भाग दिसत नव्हता. ईरा पहिल्याच दिवशी घसरायला शिकली. मीही शिकवणी लावली होती. जपानी शिक्षक फार सभ्य. मी पडलो की तो माझ्यापुढे कमरेत वाकायचा, जणू चूक त्याचीच. दुपारपर्यंत तो इतक्या वेळा वाकला की मला त्याच्या पाठीची काळजी वाटायला लागली आणि मी फळी सोडून खाली सूप प्यायला गेलो. ईराने माझा एक व्हिडिओ काढला आहे. तो नातेवाइकांमध्ये फिरतो आहे.

आम्ही परतलो आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच ती झड आली. दोन दिवस, दोन रात्री. सिंगापूरची माणसं स्वेटर घालून हिंडायला लागली. मी सवयीने वर पाहिलं. नवव्या मजल्यावरचा बांबू रिकामा होता. एवढा ईशान्येचा वारा घोंगावतोय आणि बाही नाही! बाईंना बरं नसावं असं वाटून मी वर जायला निघालो, तर खालच्या कॉफी शॉपमधून हाक आली.

"अंकल! यू अव्हॉइडिंग मी ऑर व्हॉट?"

ह्वे मिन एकटीच कॉफी घेऊन बसली होती. आता जिनाही उपयोगाचा नव्हता. मी समोर बसलो आणि घाईघाईने म्हणालो, "ॲव्हरेज पाहिलं तर फेब्रुवारीसुद्धा..."

"अंकल, स्टॉप," ती म्हणाली आणि तिने माझ्यापुढे फोन धरला. तिच्या मित्रांनी होक्काइडोहून पाठवलेले फोटो. छातीपर्यंत बर्फ, त्यात नुसत्या टोप्या दिसत होत्या. "होल होक्काइडो इज ऑन माय फोन. अँड शी गो अँड हाइड द स्लीव्ह."

मी फोनमधल्या टोप्या मोजायला लागलो.

"अकरा वर्षं मी स्नोबोर्डिंग करते, अंकल," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. "चार्ट मलाही वाचता येतात. सगळे जानेवारी म्हणत होते. आईने फेब्रुवारी सांगितलं तेव्हा मला वाटलं, आई चुकली. समजावून सांगणार होते. मग तिचा चेहरा बघितला." ती कॉफीत चमचा फिरवत राहिली. "ती माझ्याकडे कधी काही मागत नाही, यू नो? नॉट इव्हन सॉल्ट. टेबलावर मीठ माझ्या बाजूला असलं तर उठून वळसा घालून घेते. धिस इज द फर्स्ट थिंग शी आस्क. सो ओके लाह. फेब्रुवारी."

"मग त्यांना सांग ना, तुला माहीत आहे म्हणून."

"नो! शी विल बी सो शाय. नेक्स्ट इयर शी वोन्ट कम." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "यू डोन्ट टेल, हं."

मी पुन्हा शब्द दिला. म्हणजे आता नवव्या मजल्यावरच्या दोन बायकांची एकमेकींपासून लपवलेली एकच गोष्ट चौथ्या मजल्यावर माझ्याकडे ठेवायला आली. ज्या माणसाला बायकोच्या वाढदिवसाची भेट आदल्या दिवशीपर्यंत लपवता येत नाही, त्याच्याकडे.

त्या दोन आठवड्यांत संदेशने एकदा मला विचारलं, "काका, आमच्या घरात काही चाललंय का? दोघी रोज रात्री पत्ते खेळतात. बर्फाचं कुणी नावच काढत नाही. काल मिनने आईकडून भाकरी थापून घेतली, म्हणजे स्वतः थापायला शिकली. गोल नाही झाली, पण होक्काइडोसारखी झाली म्हणून आई एवढी हसली की मला वाटलं ठसका लागला." मी म्हटलं, मला काही कल्पना नाही. हे वाक्य मी न अडखळता म्हणालो. सरावाने जमतं.

बाई निघायच्या आदल्या संध्याकाळी मी वर गेलो. भारतात जाणाऱ्या माणसाकडे पार्सल द्यायचं, हा इथला सगळ्या मराठी माणसांचा हक्क आहे. माझं पार्सल आईसाठी होतं: गुडघ्याचे पट्टे आणि मलमाच्या बाटल्या. घरच्या काट्यावर वजन करून आणलं होतं, कारण बाईंच्या बॅगेत माझ्यामुळे एक ग्रॅमही जास्त झालेला मला चालला नसता.

हॉलमध्ये बॅग उघडी पडली होती. बाई सोफ्यावर बसून सूचना देत होत्या आणि ह्वे मिन जमिनीवर मांडी घालून साड्या रचत होती. संदेश काटा घेऊन उभा. बाहेर पाऊस नव्हता, वाराही नव्हता. फेब्रुवारी चारच दिवसांवर आला होता आणि दोघांची तिकिटं टेबलावर फुलदाणीखाली होती.

"तिकडे फार थंडी असेल," बाई म्हणाल्या. "कान झाका. बर्फ... बर्फ यंदा उशिरा थोडा कमी असला तरी..." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी बॅगेच्या चाकांकडे बघितलं.

"आई," ह्वे मिन साडीची घडी घालत म्हणाली, "नेक्स्ट इयर हाउ? नेक्स्ट इयर ऑल्सो फेब्रुवारी बेटर, राइट?"

जानेवारीत पुढच्या हिवाळ्याबद्दल जगातली कुठलीही वेधशाळा तोंड उघडत नाही. मधला उन्हाळा सरेपर्यंत समुद्राचाच विचार पक्का झालेला नसतो. हे मला माहीत होतं. ह्वे मिनला माहीत होतं. आणि हे आम्हा दोघांनाही ज्यांनी शिकवलं त्या सोफ्यावर बसल्या होत्या.

बाईंनी चष्मा लावला आणि सुनेकडे पाहिलं. ह्वे मिन वर बघत नव्हती. ती त्या एकाच घडीवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती. मग बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागल्या.

"राइट," त्या म्हणाल्या. "नेक्स्ट इयर ऑल्सो."

"शुअर?"

"शुअर."

"मग बरं झालं," काट्याचा आकडा बघत संदेश म्हणाला. "ऑफिसात आत्ताच सांगून ठेवतो. जानेवारीत आम्ही कुठे जात नाही."